जीपला जोडलेली उसाची टायरगाडी

त्या दुष्काळात सहकारी सोसायटीचा टँकर चेअरमनच्या दारातच रिकामा व्हायचा. आमच्या वस्तीवर यायची ती नुसती धूळ. निषेधाची पत्रकं वाटून माझे हात शाईनं काळे झाले, पाणी काही आलं नाही. शेवटी काकांनी परळीच्या भंगारातून लष्कराची जुनी जीप आणली. आम्ही ती सगळी खोलली, घासली, पुन्हा जोडली. इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा मी बॉनेटवर चढून घोषणा दिल्या!

आता पाण्याच्या टाक्या ओढायला मागे काय जोडायचं? लष्करी ट्रेलर इवलासा, ट्रॅक्टरची ट्रॉली जीपला न झेपणारी. त्या वर्षी ऊसच नव्हता, म्हणून ऊसतोडणीच्या, बैलांनी ओढायच्या दोनचाकी टायरगाड्या वस्तीवर पडून होत्या. त्यातलीच एक जोडली. लांबच्या विहिरीवर पाणी भरताना मात्र जुनी सवय नडली. बैलांच्या मानेवर भार नको म्हणून आम्ही सगळ्या टाक्या मागे सारल्या.

चढावर टायरगाडी मागे कलली आणि जीपचं ढुंगण हवेत! मी ॲक्सिलरेटर दाबला, तर चाकं नुसती गरगरा फिरायला लागली.

"काय बे, हिला बैल समजलास काय?" काका माझ्यावरच ओरडले. "हिच्या मागं वजन पायजे!"

विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया पळत आल्या आणि जीपच्या मागच्या बाजूला दाटीनं बसल्या. चाकं टेकली, जीप निघाली. चेअरमनच्या दारावरून जाताना त्यांच्यातली माझी मावशी ओरडली, "चेअरमन, बसता का? तुमच्यावानी वजन आमच्यात कुनाचं न्हाई!"

हसण्याच्या नादात मी हॉर्न सोडलाच नाही. चेअरमनच्या दारावरून येऊनही वस्तीवर पोचलो तेव्हा टाक्या भरलेल्याच होत्या.