उलट्या तारांची गिटार

माझ्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं वरचं पेर नाही. चौथीत असताना ते कडबाकुट्टीत गेलं. तेव्हा गावी, कन्हेरीत, आमच्याकडं हातानं फिरवायची कुट्टी होती. आई चाक फिरवत होती आणि मी कडबा आत सारत होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, डोक्याचा पटका सोडून माझ्या हाताला गुंडाळला आणि शेजाऱ्यांच्या मोटारसायकलवरून बारामतीला दवाखान्यात नेलं. जखम भरली, मी शाळेत जायला लागले. पुढं शिकले, लॅब टेक्निशियन झाले. आता बारामतीतल्या एका हॉस्पिटलमध्ये रक्त तपासायचं काम करते. हातमोजा घातला की त्या बोटाचं टोक रिकामं लोंबतं. एरवी मला त्याची आठवणही होत नाही.

आईचं तसं नव्हतं. त्या दिवसानंतर तिनं कुट्टीच्या चाकाला हात लावला नाही. माझ्या बोटाबद्दल ती घरात कधी बोलायची नाही. फक्त माझं लग्न ठरताना, पाहुणे पोहे खात असताना, कुणी काही विचारलं नसताना ती म्हणाली, "पोरीचं बोट माझ्या हातनं गेलंय. आधीच सांगते. मागनं कुणी बोलू नगा." माझा नवरा अजून सांगतो, की मुलगी पसंत आहे की नाही हे त्यानं ठरवलं नव्हतं, पण सासू तिथंच पसंत पडली.

नवरा भवानीनगरला साखर कारखान्यात आहे, त्यामुळं आम्ही तिथंच राहतो. मी रोज एसटीनं बारामतीला जाते. तीन वर्षांपूर्वी नणंदेची मुलगी कॉलेजसाठी आमच्याकडं राहायला आली. तिच्या कॉलेजच्या मैदानावर पुण्याच्या एका बँडचा कार्यक्रम होता. "मामी, तू चल ना, म्हणजे मला उशिरापर्यंत थांबता येईल," असं म्हणून तिनं मला नेलं. मी ड्यूटी संपवून तशीच गेले. डबा पिशवीत, पाय दुखत होते. गाणी मला फारशी ओळखीची नव्हती. आवाज इतका मोठा होता, की छातीत धडधडत होतं. सारखं वाटत होतं, घरी जाऊन भाकरी टाकायच्यात.

बँडमध्ये गिटार वाजवणारी एक मुलगी होती. बुटकीशी, केसांचा साधा अंबाडा घातलेली. एका गाण्याच्या मध्येच तिच्या गिटारची तार तुटली. ती क्षणभर थांबली आणि उरलेल्या तारांवर गाणं पुरं केलं. मग ती स्टेजच्या कडेला मांडी घालून बसली, पिशवीतून नवी तार काढली आणि आम्हा सगळ्यांसमोर ती बसवायला लागली. तारेचं एक टोक खाली अडकवलं, दुसरं वर खुंटीला गुंडाळलं, खुंटी पिळली, वाजवून बघितलं, परत पिळली. गाणारा मुलगा तोवर माईकवर काहीतरी विनोद करत होता. माझं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. तार आधी ढिल्या दोरीसारखी वाजत होती. हळूहळू तिचा आवाज चढत गेला आणि बाकीच्या तारांशी जुळला. जुळला ते मला कळलं. कसं कळलं ते सांगता येणार नाही, पण कळलं.

तोपर्यंत गाणंबजावणं म्हणजे देवानं काही लोकांना दिलेली गोष्ट असं मी धरून चालले होते. त्या मुलीकडं बघताना पहिल्यांदाच वाटलं, की हे हातानं करायचं काम आहे. मी दिवसभर सुया, नळ्या, काचेच्या पट्ट्या हाताळते. म्हटलं, हेही जमेल. परत येताना एसटीत मी भाचीला म्हणाले, "मला गिटार शिकायचीय."

"खरंच, मामी?" ती हसली. मग माझ्याकडं नीट बघितलं आणि हसायची थांबली.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "शीक की. पण मी रात्रपाळी करून झोपलो असेन तेव्हा नको."

कोणाच्या डोक्यात माझं बोट आलं नाही. माझ्याही नाही.

ते आलं, नवी गिटार घेऊन क्लासला गेले त्या पहिल्या रविवारी. बारामतीत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर क्लास होता. शिकवणारे सर माझ्या भाचीपेक्षा थोडेच मोठे, आणि वर्गात सगळी शाळेतली पोरं. ती मला पहिल्या दिवसापासून काकू म्हणायला लागली. सरांनी पहिली कॉर्ड दाखवली. डाव्या हाताची तीन बोटं तीन तारांवर दाबायची. माझी दोन बोटं बसली. तिसरं, आखूड असलेलं, तारेपर्यंत पोचेचना. हात वाकडा करून पोचवलं तर शेजारच्या तारेवर आडवं पडायचं. शिवाय त्याचं टोक अजून हळवं आहे. तारेवर दाबलं, की कळ थेट कोपरापर्यंत जायची. सर बघायचे आणि नजर दुसरीकडं वळवायचे.

असे बरेच रविवार गेले. पोरं पुढं गेली, मी त्याच कॉर्डवर. गिटार परत पिशवीत घालून कपाटावर टाकायची असं मनाशी ठरवलंही होतं. त्या दिवशी क्लास सुटल्यावर सर म्हणाले, "ताई, एक बोलू? राग नाही ना येणार?"

"बोला की."

"उलटी धरून बघता का? म्हणजे तारा उजव्या हातानं दाबायच्या आणि डाव्यानं वाजवायचं. डावखुरे लोक वाजवतात तसं."

"पण मी डावखुरी नाहीये."

"माहितीये. पण वाजवणाऱ्या हाताला अंगठा आणि एक बोट पुरतं."

त्यांनी तिथंच खाली बसून माझ्या गिटारच्या सगळ्या तारा काढल्या आणि उलट्या क्रमानं लावल्या. दांडीच्या वरच्या टोकाच्या पांढऱ्या पट्टीच्या खाचांत त्या नीट बसेनात, म्हणून पुढच्या आठवड्यात ती पट्टीही बदलून दिली. हे पहिल्याच दिवशी का सुचवलं नाही, असं मी विचारलं. ते ओशाळून म्हणाले, "तुमच्या बोटाचा विषय कसा काढायचा, कळत नव्हतं."

उजव्या हातानं कॉर्ड लगेच बसली. पण डाव्या हाताला ताल म्हणून नव्हता. इतकी वर्षं त्याला कोणी काही करायलाच लावलं नव्हतं. मग मी एसटीत मांडीवरच्या पर्सवर डाव्या हातानं ठेका धरायला लागले. शेजारच्या बायका बघायच्या. वर्गात माझ्या गिटारची दांडी सगळ्यांच्या उलट्या बाजूला असायची, म्हणून मला रांगेच्या टोकाला बसवत, नाहीतर शेजारच्या पोराच्या डोक्याला लागायची. एक फायदा मात्र झाला. सर समोर बसून वाजवायचे तेव्हा पोरांना मनात उलटंसुलटं करावं लागायचं. मला ते आरशात बघितल्यासारखं सरळ दिसायचं.

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. दिवाळीला कन्हेरीला गेले तेव्हा गिटार घेऊन गेले. दुपारी ओट्यावर आई लसूण सोलत होती. मी शेजारी बसून गिटार मांडीवर घेतली. तिनं माझा उजवा हात धरला आणि बोटांची टोकं दाबून बघितली. तारांनी तिथं घट्टे पडले होते. तिचा चेहरा उतरला.

"ह्या हाताला बी लावून घेतलंस व्हय?"

"लागलेलं नाही, आई. घट्टे आहेत. तुझ्या हाताला खुरप्यानं पडलेत ना, तसे."

तिनं स्वतःचा तळवा बघितला, परत माझी बोटं बघितली. मग, आयुष्यात पहिल्यांदा, माझा डावा हात हातात घेऊन ते आखूड बोट नीट बघितलं.

"आन् हा हात काय करतो?"

"हाच वाजवतो. तो उजवा नुसता तारा धरून ठेवतो. आवाज काढतो तो हा."

मला येत होतं ते एक गाणं मी वाजवलं. दोन ठिकाणी अडखळले. आई ऐकत होती की नाही कळेना, कारण ती लसणाकडंच बघत होती. संपल्यावर म्हणाली, "त्या दिवशी तू रडली न्हाईस. मलाच म्हणत हुतीस, आई रडू नगं."

"मला नाही आठवत."

"मला आठवतंय." हातातली पाकळी सोलून ती म्हणाली, "मी चाक फिरवताना बांधावरच्या बाईसंगं बोलत हुते. माझं ध्यान न्हवतं. हे मी तुज्या आबांनाबी सांगितलं न्हाय."

मी तिला म्हणाले, की मला कधी त्याचा राग आला नाही. ते खरंच होतं. तिला ते पटलं का, कळलं नाही. तिनं पदरानं डोळे पुसले. मग लसणाच्या हातानं डोळे पुसले म्हणून ते जास्तच झोंबायला लागले, आणि आम्ही दोघी हसलो. मी तांब्याभर पाणी आणून तिच्या डोळ्यांवर मारलं.

त्यानंतर ती दर रविवारी फोन करते. आधी म्हशीचं सांगते, मग आबांच्या गुडघ्याचं, आणि मग विचारते, "आज काय शिकवलं?"

गेल्या उन्हाळ्यात क्लासचा कार्यक्रम झाला. नवऱ्यानं आईला कन्हेरीहून आणून पहिल्या रांगेत बसवलं. बाकी सगळे पोरांचे आईबाप. शेजारच्या एका बाईनं तिला विचारलं, "तुमचा नातू कुठला, आजी?"

"नातू न्हाय. लेक हाय माजी," आई म्हणाली. "ती काय, त्या टोकाला. सगळ्यात मोठी दिसती ती."

मला ते स्टेजवर ऐकू आलं आणि दुसऱ्या गाण्याची सुरुवात चुकली. पोरं पुढं गेली, मी कडव्यापाशी त्यांना गाठलं. खाली उतरल्यावर आईला विचारलं, कसं झालं.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "पर त्या लहान पोरीचं जास्त चांगलं झालं."

ते बरोबर होतं. ती मुलगी सहावीत आहे आणि रोज दोन तास सराव करते. मला अर्धा तास मिळतो, तोही नवऱ्याची पाळी बघून.