खंडेनवमीचं पाणी

उमाबाईला पूजेची खोड होती. खोडच म्हणायची, कारण देवाची पूजा सगळेच करतात. ही बाई जात्याला, सुपाला, गॅसच्या टाकीलासुद्धा हळदीकुंकू लावायची. माहेर चौसाळ्याचं, बापाचं हमरस्त्यावर किराणा दुकान. त्या घरात तराजूला पाय लागला तर पोरीनं आधी कान धरून तराजूची माफी मागायची, मग भाकरीला बसायचं. पोट भरणाऱ्या वस्तूत जीव असतो, हे तिला तिथंच पटलं. शिरूर कासारला वैजिनाथआप्पाच्या घरी नांदायला आली तेव्हा सोबत भांडी थोडी आणि ही खोड जास्ती आणली. आप्पाचंही किराणाच, त्यामुळं जमलं.

त्यांचा पोरगा संगमेश पुण्याला कंपनीत. एका दिवाळीला त्यानं एक रेकॉर्डर आणला. सीडी लावायचे डबे तोवर गावात घरोघर आले होते, पण हा न्यारा. टीव्हीवर जे चाललंय ते आपल्या पोटात भरून ठेवायचा. दिवस आन् टाइम सांगून ठेवला की घरात माणूस नसलं तरी भरायचा. आन् मनात आलं तर पोटातलं कोऱ्या सीडीवर काढूनही द्यायचा.

संगमेशनं हे सगळं समजावून सांगितलं तर आप्पा म्हणाला, "यात नवं काय बे? लग्न झाल्यापास्नं मी तेच करायलोय. तुझ्या आईचं ऐकतो आन् पोटात ठेवतो."

"मग पुसून टाकायचं बटन बी असंल तुमच्यात," उमाबाई आतून म्हणाली. "सांगितलेलं एक काम ध्यानात ऱ्हात न्हाई."

ते दिवस लोडशेडिंगचे. वीज गेली की रेकॉर्डरचं घड्याळ बिघडायचं आन् पुढं काहीच भरलं जायचं नाही. उमाबाईनं मालिका बघायला बसावं तर नुसता काळा पडदा. शेवटी आप्पानं दुकानातला इन्व्हर्टर घरात आणला आन् स्वतः दुकानात कंदील लावला. गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणायचा, "घरात मशिनीला अंधार सोसत न्हाई. आपण माणसं हाव, सोसू."

आता सत्यभामेचं सांगतो, कारण त्या रेकॉर्डरनं उमाबाईची झोप उडवली ती हिच्यापायी.

सत्यभामा आन् तिचा नवरा हनुमान दरसाल ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी यायची, आन् शिरूरच्या अर्ध्या वाडी-वस्तीला कुलूप लागायचं. त्यांची एकुलती लेक सायली मागं ऱ्हायची, आजीपाशी, म्हणजे सत्यभामेच्या सासूपाशी, भिवराबाईपाशी. सत्यभामेनं आन म्हणजे शपथच घातली होती, लेकीचा पाय उसाच्या फडाला लागू द्यायचा नाही. पोरगी एकदा फडात आली की आधी पाणी आणती, मग वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करती, मग मोळ्या बांधती. मग तिचं लगीन होतं आन् तिच्या हातात तिचा स्वतःचा कोयता येतो. हे सत्यभामेला कोणी शिकवायला नको होतं. तिच्या हातात कोयता असाच आलता.

सायली शाळेत खो-खो खेळायची. पोरगी वाळल्या काटकीसारखी, पण पळायला लागली की डोळ्याला गावत नव्हती. आता गंमत बघा, खो-खोचे सामने थंडीत आन् ऊसही थंडीत. त्यामुळं अख्ख्या शिरूरनं सायलीचा खेळ बघितला, आईनं तेवढा बघितला नाही. आई यायची तेव्हा उन्हाळा, मैदानं तापलेली, शाळा सुटलेली.

एका माघात सायलीची शाळा राज्याच्या अंतिम सामन्याला गेली आन् तो सामना टीव्हीवर दाखवणार असं कळलं. उमाबाईनं सकाळपासून मालिका बंद ठेवली. इन्व्हर्टरच्या बॅटरीला नमस्कार केला. सामना सगळा भरून घेतला आन् भरून झाल्यावर रेकॉर्डरसमोर साखर ठेवली.

चैतात सत्यभामा परत आली. गाडीतून उतरली ती बोचकं घरी टाकून नीट उमाबाईच्या दारात. अंगावर उसाची खाजरी कूस तशीच. आत येईना, उंबऱ्यातच बसली.

"आत ये की गं सत्ते."

"नको काकू, घाण हाय मी. हितून दिसतंय."

सामना सुरू झाला. शेवटच्या डावात सायलीनं पुढच्या पोरीला पकडायला खांबापाशी सूर मारला, अख्खी आडवी झाली हवेत, तेव्हा सत्यभामा ओरडली, "काकू, थांबवा! थांबवा तिला, पडंल!"

उमाबाईनं घाबरून रिमोटचं बटन दाबलं. पोरगी हवेत तशीच थांबली. सत्यभामा उठली, पडद्यापाशी गेली आन् चिरा पडलेल्या बोटांचा हात लेकीच्या हनुवटीखाली धरल्यासारखा केला. मग पदरानं टीव्हीची काच पुसली आन् म्हणाली, "हां. आता सोडा."

पुढं सगळा उन्हाळा आन् पावसाळा हेच. चार दिवस गेले की सत्यभामा यायची, कधी मीठ न्यायला, कधी उगंच. सामना पाठ झाला होता. तरी सूर मारायच्या जागी आली की "थांबवा!" ओरडायचीच, आन् उमाबाई थांबवायची. आप्पा चिडवायचा, "सत्यभामे, एवढ्यांदा बघितलंस, एकदा तरी पडली का?"

"तुमाला लेक न्हाई आप्पा," ती म्हणायची. "तुमाला काय कळायचं."

पोळा झाल्यावर तिनं हळूच विषय काढला. फडावर मुकादमाकडं एक टीव्ही हाय, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो, त्याला सीडीचा डबा बी हाय. सायलीची सीडी काढून दिली तर सोबत नेईन म्हणाली. "लेक न्यायची न्हाई, तिचा खेळ तरी नेते. कधी लई कढ आला तर लावीन."

"त्यात काय, देतो की," आप्पा म्हणाला. बीडहून मालासोबत कोऱ्या सीड्याही आणल्या. पण आप्पाचं काम म्हणजे आज-उद्या. कधी वीज नाही, कधी दुकानात गर्दी, कधी नुसताच कंटाळा. "रेकॉर्डर कुठं पळून चाललाय का?" हे त्याचं उत्तर. असं करत करत खंडेनवमी आली. सकाळी उमाबाईनं आठवण केली तर हा म्हणतो, "आज हत्यारांची पूजा. आज तराजूला सुट्टी, मशिनीला बी सुट्टी. पुजलेल्या हत्याराला हात लावत न्हाईत. उद्या दसऱ्याला भरू, सोनं द्यायला येईल तेव्हा हातावर ठेवू."

यात उमाबाईला काही वावगं वाटलं नाही. तीही त्याच रीतीची. ती पूजेच्या तयारीला लागली. तराजू, मापं, कुऱ्हाड, विळी, शिलाई मशीन, सगळं अंगणात काढून धुतलं. मग तिची नजर रेकॉर्डरवर गेली. या वर्षात घराला सगळ्यात जास्त सुख कुणी दिलं असेल तर यानं. याला कोरडं कसं ठेवायचं? तिनं वायर काढली, तेवढी अक्कल होती. तांब्यात पाणी घेतलं, त्यात थोडी हळद टाकली, आन् फडक्यानं पुसता पुसता मायेच्या भरात वरून दोन ओंजळी सोडल्या. वर जाळी आहे हे तिला दिसलंच नाही. कुंकू लावलं, आपट्याची डहाळी ठेवली, हार घातला. रेकॉर्डर नवरदेवासारखा दिसायला लागला.

दसऱ्याच्या सकाळी आप्पानं वायर लावली. आत बारीक फट्ट झालं. मग जळका वास.

आप्पा तसाच डबा पोत्यात घालून बीडला गेला. मेकॅनिकनं झाकण उघडलं आन् आतलं कुंकू बघून विचारलं, "आप्पा, नारळ बी फोडला का ह्याच्यावर?"

"फोडायचाच ऱ्हायलाय," आप्पा म्हणाला. "तुझ्या टाळक्यावर फोडू का? दुरुस्त हुतं का ते सांग."

नाही म्हणाला. पोटातलं सगळं गेलं.

संध्याकाळी सत्यभामा आली. नवं लुगडं, हातात आपट्याची पानं. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी निघणार होती. आप्पा मान खाली घालून दुकानात जाऊन बसला. सांगायचं उमाबाईवर आलं.

"सत्ते, म्या तुझी लेक धुतली गं," ती म्हणाली. "पूजा करता करता पाण्यात घातली. काही ऱ्हायलं न्हाई."

सत्यभामेला आधी समजलंच नाही. मग समजलं. ती रिकाम्या फळीकडं बघत राहिली.

"जाऊ द्या काकू. पूजाच केली की. चप्पल तर न्हाई मारली."

एवढं बोलली आन् वळली. सोनं उमाबाईच्या हातात द्यायचं तर तिनं उंबऱ्यावर ठेवलं. मुद्दाम नाही. हाताला ध्यान राहिलं नाही. पण उमाबाईला ती पानं उचलवेनात. सकाळी गाडी गेली तरी पानं तिथंच.

त्या दिवसापासून उमाबाईचं पूजेतून मन उडालं. लिंगायत घरची रीत म्हणून गळ्यातल्या लिंगाची पूजा तेवढी करायची, बाकी जातं-सूप कोरडंच. आप्पा म्हणाला, नवा रेकॉर्डर घेऊ. ती म्हणाली, "नव्यात सायली हाय का?"

दिवाळीची सुट्टी लागली आन् उमाबाई भिवराबाईच्या दारात जाऊन बसली.

"सायलीला माझ्यासंगं लावून द्या. तिच्या आईला भेटवून आणते."

भिवराबाई उखडली. "सुनंनं आन घातलीया बाई. पोरीचा पाय फडाला लागायचा न्हाई."

"फडाला कोण नेतंय? आन मला बी ठाव हाय. तुमी पोरगी द्या."

घरी आप्पानं डोक्याला हात लावला. उमाबाई उभ्या जन्मात एसटीनं कपिलधारच्या यात्रेपुढं गेलेली नव्हती. "कारखाना कराडच्या अंगाला हाय. तुला रस्ता तरी ठाव हाय का?"

"तोंड हाय ना मला विचारायला?"

"ते तर लई हाय," आप्पा म्हणाला, आन् निमूट डब्यात दशम्या बांधायला लागला.

एसट्या बदलत, विचारत विचारत दोघी कारखान्यावर पोचल्या. उमाबाई फडाकडं वळलीच नाही. कारखान्याच्या दारात मोठं मैदान असतं. उसाच्या बैलगाड्या तिथं वजनाला नंबर लावून उभ्या राहतात. लोक त्याला गाडीतळ म्हणतात. नंबर येईस्तोवर दुपारची संध्याकाळ होते. बायका गाड्यांच्या सावलीला बसून असतात. उमाबाईनं सायलीला तिथंच एका लिंबाखाली बसवलं आन् येणारी एकेक गाडी बघत उभी राहिली.

सत्यभामेची गाडी आली ऊन कलताना. हनुमान जुवापाशी बैल हाकत, ही उसाच्या ढिगावर. लेक दिसली आन् बाईचा चेहरा फुलायच्या जागी काळा पडला. वरूनच ओरडली, "काकू! कावून आणली हिला? आन घातली हुती म्या!"

"फडाला पाय लागला न्हाई तिचा," उमाबाईनं ठणकावलं. "फड तिकडं, हे गाडीतळ हाय. सरकारी रस्त्यानं आणली आन् सरकारी रस्त्यानं नेणार. तुझी धुतलेली लेक वाळवून आणलीया, बघायची तर बघ, न्हाईतर चालले मी."

हनुमान हसायला लागला. सत्यभामेला हसू येईना आन् रडू आवरेना, ती वरच बसून राहिली.

मग सायलीनं गाडीतून दोन उसाची टिपरी ओढली आन् मातीत खांब म्हणून रोवली. सावलीतल्या बायकांना म्हणाली, "मावश्यांनो, ओळीत बसा. एक हिकडं तोंड करून, एक तिकडं." बायका आधी लाजल्या, मग कासोटे खोचून बसल्या. एक जागा रिकामी राहिली तिथं उमाबाई बसली. बायका पाठलागाला, सायली एकटी पळतीला.

खेळ म्हणजे नुसता गोंधळ. खो कुणाला दिला ते कुणाला कळेना. उमाबाईच्या पाठीवर थाप पडली तर तिला गुडघ्यांवरून उठताच येईना. "थांब गं पोरी, उठू तर दे!" तोवर सायली तिला वळसा घालून पार पलीकडं. बैलसुद्धा माना वळवून बघायला लागले. बायका दमल्या तशी सायली म्हणाली, आता मी पाठलागाला, तुमी पळा. त्यातली एक टणक बाई खांबाकडं पळाली, आन् सायलीनं मागून सूर मारला. अख्खी आडवी, हवेत.

"थांबवा!" सत्यभामा ढिगावरून ओरडली.

थांबवणार कोण? पोरगी जमिनीवर आली. हात त्या बाईच्या टाचेला लागलेला, हनुवटी मातीत, टिपरू मोडलेलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

सत्यभामा उसावरून घसरत खाली आली. लेकीला उठवलं, हनुवटीची माती पुसली, कोपर उलटं करून बघितलं. साल निघालं होतं, रगत येत होतं.

"हे टीव्हीत दिसलं न्हाई," ती उमाबाईकडं बघून म्हणाली. "एवढ्यांदा बघितलं, रगत एकदा बी दिसलं न्हाई."

पदराचं टोक तोंडात ओलं करून तिनं कोपर पुसलं. पुसत राहिली. तेवढ्यात पुढून हाळी आली, नंबर आला म्हणून. गाडी हलली. सत्यभामा वर चढली नाही. तिनं गळ्याशी खोचलेली आपट्याची दोन वाळकी पानं काढली, दसऱ्याला वाटून उरलेली, आन् उमाबाईच्या हातात दिली. या वेळेला हातातच दिली. मग गाडीमागं चालायला लागली.

रेकॉर्डर अजून त्या घरात फळीवर आहे, मुका. खंडेनवमीला उमाबाई आता सगळ्यांची पूजा पहिल्यासारखी करते, त्यालाही कुंकू लावते, हार घालते. तेवढ्या वेळेपुरता पाण्याचा तांब्या मात्र आप्पा स्वतःच्या मांडीवर घेऊन बसतो.