पिवळ्या गोलातला आकडा

तुमच्या या ग्रुपवरचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो. उलटे पाय, पांढरी साडी, पिंपळाखालची बाई... एकाच्याही गोष्टीत लाईट जाताना फ्यूज कोणी तपासत नाही. तर सांगायचं म्हणजे, मी त्यातला नाही. माजरीच्या कोळसा खाणीत डंपर दुरुस्त करण्यात सगळी नोकरी गेली, आता तिथेच शेड टाकून जुन्या गाड्या पुन्हा चालत्या करतो. जे पान्याला लागत नाही ते मी मानत नाही. मानत नव्हतो, असं लिहायला पाहिजे, पण लिहवत नाही.

आलापल्लीचा दिगूभाऊ माझ्याकडे एक ट्रक घेऊन आला. दुसऱ्या महायुद्धातला, लष्करानं नंतर टाकून दिलेला. त्याच्या आजानं तो घेऊन सागवान ओढलं, मग कोंबड्यांनी त्यात अंडी घातली. आता दिगूभाऊच्या पोरीचं, पल्लवीचं लग्न होतं आणि त्यातून तिची ‘एंट्री’ व्हायची होती. पोरगी मांडवात चालत का येऊ शकत नाही, हे मी विचारलं नाही.

इंजिन मी जिवंत केलं. भांडण रंगावरून झालं.

“भाऊ, बॉनेटवर एक मोठा पांढरा तारा मारा न. पिक्चरमध्ये राह्यते तसा.”

आता हा तारा अमेरिकन फौजेचा. हा ट्रक इथल्या फौजेत होता. पण आपल्याकडे हिरवी गाडी दिसली की तारा, आणि त्याखाली कवटी. मी साफ नाही म्हटलं. घासताना जुन्या खुणा निघाल्या होत्या... डाव्या मडगार्डवर तुकडीचा चौकोन आणि पुढे, रेडिएटरच्या जाळीच्या बाजूला, पिवळा गोल, त्यात इंग्रजी 5. तेच रंगवायचं ठरलं.

“हा पिवळा गोल कायचा? हळद लावली काय गाडीले?” दिगूभाऊ म्हणाला.

तो पुलाचा आकडा. गाडी किती भाराची ते सांगतो. पुलावरचा आकडा गाडीच्या आकड्यापेक्षा लहान असला की गाडी पुलावर घालायची नाही, एवढं सोपं. मी हे समजावून सांगितलं. दिगूभाऊनं मान हलवली आणि फोन बघितला.

मी पत्रा कापून स्टेन्सिल केलं, 5 मारला. सकाळी शेड उघडली तर गोलात 9.

माझा पेंटर बाबाराव, त्याच्यावर माझा पहिला संशय. त्याला झापलं. तो शांतपणे म्हणाला, “मी काऊन करू भाऊ? पण आकडा चांगला आला.” आणि त्या दिवशी शेडमधल्या सगळ्यांनी मटक्यावर नव्वा लावला. गाडीनं आकडा दिला म्हणे. नव्वा काही आला नाही. ज्यांना पुलाचा आकडा आणि मटक्याचा आकडा यातला फरक कळत नाही, त्यांच्याशी मी काय बोलणार?

मी पुन्हा 5 मारला, वरून वार्निश, शेडला माझं कुलूप, किल्ली माझ्या खिशात. सकाळी 9. रंग खडखडीत वाळलेला, वार्निशवर ओरखडा नाही. आणि हा 9 स्टेन्सिलचा नव्हता, ब्रशनं काढलेला, पोट गोल, शेपूट जरा डावीकडे. बाबारावचा हात असा नाही, त्याला सरळ रेघ येत नाही. मला भीती नाही वाटली, राग आला. तिसऱ्यांदा 5 मारला, तो मात्र राहिला. मी म्हटलं, झाली गंमत संपली.

लग्नाच्या दिवशी ट्रक मीच चालवला, कारण तो गिअरबॉक्स दुसऱ्याला झेपत नाही. निघताना पल्लवीनं गाडीसमोर फोटो काढला. त्यात 5 स्पष्ट दिसतो, अजून आहे माझ्याकडे. मग दिगूभाऊनं समोर झेंडूचा जाड हार बांधला, गोल झाकला गेला. मागे पल्लवी, तिच्या मावश्या, मामा, आणि त्यांच्या बोडख्यावर डीजेचे डबे आणि जनरेटर. लग्नाचं लॉन डांबरी रोडवर होतं, पण वरून व्हिडिओ काढणाऱ्या ड्रोनवाल्याला सागवान पाहिजे होतं, म्हणून आम्ही जंगलातल्या जुन्या रस्त्यानं.

नाल्यावरच्या पुलाशी इंजिन तापलं. हारानं हवा अडवली होती, दुसरं काय होणार. मी उतरलो, हार ओढून काढला. गोलात 9. तेच गोल पोट, तीच शेपूट.

पुलाच्या तोंडाशी गंजलेली पाटी होती. भार ५ टन.

मला माहीत होतं, आमचं वजन नऊ टन भरणं शक्यच नव्हतं. हेही माहीत होतं की मागे पल्लवी बसली आहे.

“उतरा सगळे. सामान पण उतरवा.”

“मुहूर्त टळून राह्यला भाऊ,” दिगूभाऊ तापला. “एका आकड्यापायी पोरीले मातीतून चालवता काय?”

पल्लवी शालू सावरत आधीच खाली आली होती. “बाबा, काका म्हणून राह्यले म्हणजे काही असन. चाला नं.”

ते चालत पलीकडे गेले. मी रिकामा ट्रक एकटा घातला. मागची चाकं पलीकडे टेकली आणि मागे धप्प असा आवाज आला. पुलाचा मधला तुकडा नाल्यात होता. दिगूभाऊनं पल्लवीला हाताला धरून काठापासून मागे ओढलं. मी पुढे जाऊन पाहिलं... गोलात 5. स्टेन्सिलचा, माझा.

ड्रोनवाल्यानं सगळं घेतलं. वरून. समोरून एकही शॉट नाही, म्हणजे 9 कुठेच दिसत नाही.

यानंतर तरी शहाणपण येईल? दिगूभाऊनं ट्रक भाड्यानं द्यायला काढला आणि दुसऱ्या पेंटरकडून त्या गोलावर हिरवा रंग आणि वर पांढरा तारा मारून घेतला. मागच्या आठवड्यात तो ट्रक आरमोरीत एका वरातीत दिसला. मागे माणसं लटकलेली, समोर तारा चमकत होता, आणि त्याखाली गोलात कुठला आकडा आला असेल ते वाचायची सोय नव्हती. मी रस्त्यात आडवा उभा राहिलो, सगळ्यांना उतरा म्हटलं.

“काऊन?” ड्रायव्हरनं विचारलं.

मी समोर वाकून ताऱ्याचा रंग नखानं खरवडायला लागलो. ते हसले, पागल म्हणाले, मला बाजूला केलं. त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. मी त्या गाडीमागे नाक्यापर्यंत चालत गेलो, पुढे कुठला पूल आहे ते आठवत.