घाई नसलेली फियाट

आज फियाट उन्हात तापली आणि मागच्या सीटच्या रेक्झिनमधून मला पुन्हा मोगऱ्याचा वास आला. इतक्या वर्षांनी तो यायचं काही कारण नाही, पण मला येतो.

न्हावऱ्याहून शिरूरला ऑफिसला मी तेव्हाही रोज हीच गाडी न्यायचे. चाळीसच्या पुढे ती जात नाही. पिकअपवाले आप्पा मला मागे टाकताना हमखास ओरडायचे, "ताई, उतरा आन् चालत या, लवकर पोचाल!"

एका वर्षी आमच्या विहारासाठी आणलेली प्लास्टरची बुद्धमूर्ती आप्पांच्याच पिकअपमध्ये हादऱ्यांनी तडकली. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा, आणि शिरूरच्या मूर्तिकाराकडे तशी एकच मूर्ती उरलेली. आप्पा दारात येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, तुमच्याच गाडीतनं आणू. तिला घाई न्हाई."

आई पांढरी साडी नेसून मागे बसली. शिरूरहून परतताना तिच्या मांडीवर मूर्ती, मूर्तीभोवती मोगरा. रोज हळू जाऊन जाऊन त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला पाठ होता.

गाव जवळ आल्यावर आरशात पाहिलं. मागे आप्पांचा पिकअप, त्यामागे ट्रॅक्टर, मोटारसायकली, सगळे रांगेत. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, कुणी पुढे काढत नव्हतं. तेव्हा वाटलं, हा मान मूर्तीचा. आता वाटतं, थोडा फियाटचाही होता.

"जरा जोरात घे की," आई म्हणाली, "मागं लोकं खोळंबल्यात."

"खोळंबू दे," मी म्हणाले आणि तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला.