पणजोबांचा पाट

आमच्याकडे आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितर जेवायला बसतो. म्हणजे एखाद्या जिवंत माणसाला आमंत्रण द्यायचं, पाटावर बसवायचं, मेलेल्या माणसाच्या नावानं त्याला पुरणपोळी नि आंब्याचा रस वाढायचा आणि जेवण झालं की पाया पडायचं. त्या दिवसापुरता तोच आपला पूर्वज. आमच्या घरात सगळ्यात मानाचा पाट पणजोबांचा. गावावर दरोडा पडला, ते भाला घेऊन पुढे झाले आणि बाण लागून पडले, असं काकांनी मला लहानपणी सांगितलेलं. भाला अजून भिंतीवर आहे.

पुढे ती गोष्ट मी सांगू लागलो आणि माझ्या तोंडी तिची तब्येत सुधारली. काकांचे दरोडेखोर पायी आले होते, मी त्यांना घोडे दिले. कळंबच्या एका लग्नात तर छातीत बाण घेतलेल्या पणजोबांना मी भरला नाला ओलांडायला लावला. दरोडेखोरांकडे बाण कुठून आले, हा प्रश्न मला पडला नाही. ऐकणाऱ्यांनाही पडला नाही. ते पंगत बसायची वाट पाहत होते.

यंदा त्या पाटावर बसणारे काकांचे मेहुणे आजारी पडले आणि मला एक झकास कल्पना सुचली. माझे बहुतेक घोटाळे असेच सुरू होतात. टेकडीवर कोलामांचं पोड आहे, त्यांची वस्ती. तिथला एक जण माझा जुना मित्र, आमची वावरंही धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून. त्याला मी पणजोबांच्या पाटाचं परस्पर आमंत्रण देऊन आलो. तो म्हणाला, "घरी विचारलं काय तू?" त्यात काय विचारायचं, मी म्हटलं. मग तो हो म्हणाला.

घरी सांगितलं तर काकांचा अडकित्ता सुपारीवरच थांबला. "त्याले त्या पाटावर नको बसवू."

मला वाटलं, जात आडवी आली. मग काय, मी भाषणच ठोकलं. काका मान खाली घालून ऐकत होते, त्यामुळे मला आणखी जोर चढला.

"झालं काय तुयं?" शेवटी ते म्हणाले. "अबे, दरोडा कधी पडलाच नव्हता."

मग त्यांनी सुपारीकडे बघत सांगितलं. पोड आधी टेकडीखाली होतं. ती जमीन इजारदाराला, सरकारकडून गाव मक्त्यानं घेतलेल्या जमीनदाराला, हवी होती. त्याची माणसं पोड जाळायला गेली, त्यांच्यातच सगळ्यात पुढे भाला घेऊन आमचे पणजोबा. पोडातल्या लोकांनी बाण मारले. पणजोबा मेले, म्हणून ती जमीन इजारदारानं आमच्या घराला दिली. तेच टेकडीखालचं वावर, जिथे मी कापूस लावतो.

"मग मले काहून खोटं सांगितलं?"

"तू लहान होता. भाला कोणाचा म्हणून इचारून राह्यला होता. काही तं सांगा लागते."

"आन मोठा झाल्यावर?"

"तवा तू लोकायले सांगून राह्यला होता."

मी गोष्ट सांगायचो तेव्हा काका समोर बसून मान डोलवायचे. खोट्यापेक्षा ती मान मला जास्त लागली.

आमंत्रण मागं घ्यायला मी पोडात गेलो. मित्र अंगणात टोपली विणत होता. मी अडखळत सगळं सांगितलं. त्याच्या हातातली बांबूची पट्टी थांबली नाही.

"मले माईत आहे," तो म्हणाला.

लहानपणापासून माहीत होतं. पोडातही ती गोष्ट सांगतात. तिच्यात जळलेली कणगी आहे आणि घराबाहेर न आलेली एक म्हातारी आहे. इतकी वर्षं धुऱ्यावर बसून हा माझी गोष्ट ऐकत होता, माझीच तंबाखू खात.

"एकदा तरी बोलायचं होतं लेका."

"बोलणार होतो. पण तू घोडे आणले. म्या म्हटलं, याले खरं नाई पायजे."

मी विचारलं, मग जेवायला हो का म्हणालास? त्याला पाहायचं होतं, काका आपल्याला वाढतात का.

"आन आता?"

"आता कायले येऊ?" तो म्हणाला. "आता तं त्या पाटावर तुलेच वाढाचं आहे."

आखाजीला प्रत्येक पितराच्या नावानं पाण्याची घागर भरतात. आजोबांची मी भरली, बाबांची भरली. पणजोबांची रिकामी ठेवली. काकांनी ती पाहिली. "त्याच्याच वावरातलं खातो न तू," एवढंच म्हणाले. मग त्यांनी घागर स्वतः भरली आणि भिंत धरत पणजोबांच्या पाटावर स्वतःच बसले.

मी वाढलं. पोळी, रस, कढी, वडे, मागितलं तेव्हा आणखी रस. वाढणं काकांना होतं, असं मी मनाला सांगत होतो. ते मात्र पणजोबांच्याच नावानं जेवले. जेवण झालं. त्यांनी पाय थोडे पुढे सरकवले.

या पायांवर मी जन्मभर डोकं ठेवलंय. मी ताट उचललं आणि न्हाणीकडे गेलो. ताट घासून परत आलो तरी ते पाटावरच होते, पाय तसेच पुढे.