पळत वाजणारी कॅसेट

पहिलं गाणं सुरू झालं आणि मला वाटलं, मोबाईलच बिघडला. गिटारचा तुकडा तोच, ठेका तोच, पण सगळं रखडत चाललेलं, आजारातून उठलेल्या माणसासारखं. आणि आवाज तर भलत्याच कोणाचा. जाड, दमलेला. मी दुसरं गाणं लावलं, तेही तसंच. तिसरंही तसंच. दुपारची वेळ होती, उमरखेडच्या माझ्या मेडिकलमध्ये एकही गिऱ्हाईक नव्हतं, आणि मी कानात वायरी खुपसून काउंटरमागे आ वासून बसलो होतो.

हा गवई विलायतेचा. आमच्या लहानपणी तिकडं इंग्रजी गाण्यांतली ‘नवी लाट’ म्हणून जी काय भानगड होती, त्यातला हा सगळ्यात तिखट तोंडाचा. भांडता भांडता हसवणारा. त्याच्या आयुष्यभराच्या गाण्यांतली निवडक गाणी एका संग्रहात आहेत, आणि त्या संग्रहाची कॅसेट पंचवीस वर्षांपूर्वी माझ्याकडे होती. पुढं टेप भंगारात गेला, कॅसेट कुठं गेली माहीत नाही. परवा मोबाईलवर तोच संग्रह दिसला. म्हटलं, चला, जुन्या दोस्ताला भेटू. तर दोस्त ओळखच देईना.

मग डोक्यात उजेड पडला. चाचा.

बसस्टँडजवळ चाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कोरी कॅसेट न्यायची, ते गाणी भरून द्यायचे. दोन टेप वायरनं जोडलेले. एक वाजवायचा, दुसरा भरायचा. माझ्या एका मित्रानं पुण्याच्या होस्टेलवरून ही कॅसेट आणली होती आणि मला एका दिवसापुरती दिली होती. ते लोडशेडिंगचे दिवस. लाइट ठरल्या वेळी जाणार म्हणजे जाणार, आणि कॅसेट अर्धी भरली असताना लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून चाचांनी वाजवणाऱ्या टेपच्या मोटरचा स्क्रू पिळून ठेवला होता. “तेज कर दी है, बेटा. लाइट जाने के पहले पूरी भर जाएगी,” असं ते मला म्हणालेही होते. मी मान हलवली होती. तेज म्हणजे काय, हे विचारायची अक्कल कोणाला होती? अख्ख्या उमरखेडनं कित्येक वर्षं सगळी गाणी पळत ऐकली. प्रत्येकाची कॅसेट चाचांकडूनच भरलेली, त्यामुळे कोणालाच फरक कळला नाही.

मला हसू आलं. मनात म्हटलं, घ्या, मी ज्याला पंचवीस वर्षं चिरक्या आवाजाचा उड्या मारणारा पोरगा समजत होतो, तो चांगला मोठा, थकलेला बाप्या निघाला. तेवढ्यात सहावं गाणं लागलं.

सहावं गाणं म्हणजे आमच्या घरचं गाणं. माझ्या बहिणीच्या वरातीत बँडवर वाजलेलं. ताईच्या लग्नाची आठवण काढा, आमच्याकडचा कोणीही पहिल्यांदा त्याची चाल गुणगुणेल. आता ते सावकाश चाललं होतं आणि मोबाईलवर शब्दही सरकत होते. मी पहिल्यांदाच शब्द वाचले. लग्नाचा फोटो काढणं चाललंय. फोटोग्राफर एकेकाला जागेवर उभा करतोय. काका, जरा इकडं. मामी, हनुवटी वर. प्रत्येक कडव्यात एक नातेवाईक, प्रत्येकाची थट्टा, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी नवरी काहीतरी म्हणू पाहते नि फोटोग्राफर तिला म्हणतो, हलू नका. शेवटच्या कडव्यात नवरी हलते. फोटोग्राफर म्हणतो, नवरी धूसर आली, पण हरकत नाही, बाकी सगळे छान आलेत.

मी गाणं थांबवलं. एक बाई गोळ्या मागायला आली, तिला मी सुटे पैसे दिले आणि गोळ्या द्यायच्याच राहिल्या.

ताईचं लग्न झालं ते कापसाचे वाईट दिवस होते. वडील तहसीलमध्ये कारकून. बुडालेल्या पिकांच्या पंचनाम्यांसाठी गावोगाव फिरायचे आणि घरी आले की बूटही न काढता खुर्चीत बसून राहायचे. कुठल्या गावात काय पाहिलं, हे कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे, “आभाळाकडं पाहून जगनाऱ्या घरात मी पोरगी देनार नाही.” पगारी नवरा पाहिजे. अकोल्याहून तसं पहिलं स्थळ आलं आणि त्यांनी होकार देऊन टाकला. ताईचं इंग्रजी घेऊन बी.ए. झालं होतं, तिला बी.एड. करायचं होतं. तो माणूस तिला आवडला नव्हता. तिनं आईला सांगितलं, आई म्हणाली, आवडते हळूहळू. तिनं वडिलांना सांगितलं, ते म्हणाले, “मानूस पगारी आहे, अजून काय पाहिजे?” त्यानंतर ती गप्प झाली असं आम्ही समजलो. नाही झाली. त्यानंतर ती माझ्याकडे आली होती, आणि हे मला परवा काउंटरमागे बसल्यावर कळलं.

लग्नाच्या आठेक दिवस आधीची गोष्ट. ताई टेपच्या स्पीकरला कान लावून बसलेली. थोडं ऐकायची, थांबवायची, मागं न्यायची, वहीत लिहायची. पळत्या गाण्यातले ते इंग्रजी शब्द तिनं एकटीनं पकडले होते.

“हे सहावं गानं नीट आयक बरं एकदा,” ती म्हणाली.

“पन्नासदा आयकलं की.”

“शब्द आयक.”

“शब्दाले काय करतं तू? ठेका पाह्य ना.”

तिनं वही माझ्यापुढं केली. मी म्हणालो, नंतर पाहतो. नंतर कशाला पाहतो मी? लग्नघरचा एकुलता एक भाऊ, माझ्या अंगात काय कमी होतं. मंडप, आचारी, गाड्या, सगळं मीच करून राह्यलो अशा थाटात मी फिरत होतो.

दुसऱ्या दिवशी ढाणकीचा बँडमास्तर आला. बिचारा रडकुंडीला आलेला. “यंदा सुपाऱ्याच नाही, भाऊ. कापूस गेला तं लग्नंही गेली. एखांदी नवी चाल असन तं द्या, लोकं ध्यानात ठेवतीन.” मी ती कॅसेट त्याच्या हातात ठेवली. सहावं गाणं वाजवून दाखवलं. त्यानं दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा क्लॅरिनेटवर उतरवलं. मोठा गुणी माणूस. मला वाटलं, ताई खूश होईल, तिच्याच आवडीचं गाणं तिच्याच वरातीत.

वरात आली तेव्हा तेच वाजत होतं. मामा नाचले, वडीलसुद्धा दोन पावलं नाचले, तेही कितीतरी महिन्यांनी. खिडकीत ताई उभी होती, मुंडावळ्या बांधून. बँड ऐकून ती हसली. खूप वेळ हसत राहिली. मी खालून हात हलवून दाखवला, पाहा कशी केली तुझी मजा.

आता कान पिळण्याचं सांगतो, कारण माझं सगळं पाप तिथं आहे. आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. सगळ्यांदेखत. माझ्या बहिणीला नीट वागव, नाहीतर माझ्याशी गाठ आहे, असा त्याचा अर्थ. त्या अख्ख्या मंडपात तेवढ्या एका माणसाला तेवढ्या एका क्षणी तो हक्क असतो. बाप जावयापुढं हात जोडतो आणि भाऊ त्याचा कान धरतो. नवऱ्याकडचे लोक मग त्याला काहीतरी भेट देतात, आणि तो कान सोडतो. आता सगळी थट्टाच उरली आहे, पण रीत आहे.

हळदीच्या दिवशी ताईनं मला जवळ बोलावलं होतं. तोंडभर हळद. म्हणाली, “उद्या तू कान धरशीन ना?”

“धरतो म्हणजे? चांगला लाल करतो.”

“धरला की सोडू नको.”

“घड्याळ देल्लं की सोडतो,” मी म्हणालो, आणि हसलो. तीही हसली, पण जरा थांबून. ते थांबणं मला परवापर्यंत आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कान धरला. “घड्याळ” म्हणून ओरडलो. मंडप हसला. त्यांनी घड्याळ दिलं, मी कान सोडला. झालं. मोजून दहा सेकंदं लागली नसतील. अल्बममध्ये त्याचा फोटो आहे. मी घड्याळ उंच धरून कॅमेऱ्याकडं बत्तीशी दाखवतोय. ताई कॅमेऱ्याकडं पाहत नाही, माझ्याकडं पाहतेय. मी छान आलोय.

भाऊजी वाईट माणूस नाहीत, हे मी पंचवीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. दारू नाही, मारझोड नाही. एवढंच की ताईला काही विचारलं की उत्तर ते देतात. चहा घेतेस का? “तिला नको.” राहतेस का दोन दिवस? “तिला जमत नाही.” बी.एड.चं काय झालं? “तिलाच नव्हतं करायचं.” फोन केला तर तेच उचलतात, ती बरी आहे म्हणतात आणि ठेवतात. मी घरी बायकोला सांगायचो, पाहा किती काळजी घेते मानूस. माझ्यासारखा बैताड जिल्ह्यात दुसरा नसेल.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि अकोल्याला फोन लावला. भाऊजींनीच उचलला.

“ती बरी आहे,” ते म्हणाले.

“तिच्याजवळ द्या.”

“झोपली आहे ती. काय ते मला सांगा, मी सांगतो.”

“तुम्हाला नाही सांगायचं, भाऊजी. तिला उठवा. मी थांबतो.”

“अहो, असं काय झालं एवढं?”

“मी फोन ठेवत नाही,” मी म्हणालो. “संध्याकाळ झाली तरी ठेवत नाही. ठेवला तर गाडी पकडून येतो.”

मग चपलांचा आवाज, मग भाऊजी दुसऱ्या खोलीतून काहीतरी बोलले, मग ताईचा आवाज. तो आवाजसुद्धा मी असा एकट्याचा किती वर्षांनी ऐकला.

“काय रे, काय झालं?”

“ताई, ते सहावं गानं आयकलं. शब्दांसकट.”

मला वाटलं, फोन कटला. मला रडू आलं होतं आणि दुकानाबाहेर एक जण शटर वाजवत होता.

“लय वेळ लागला तुले,” ती शेवटी म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. मग तिनं विचारलं, “ते घड्याळ काय केलं रे तू?”

मी माझ्या डाव्या हाताकडं पाहिलं. पट्टा चारदा बदलला होता, काच एकदा.

“हातात आहे,” मी म्हणालो.