साहेबांची बरोबरी

चाकणच्या आमच्या कंपनीत शिरलं की समोरच एक मोठा फोटो दिसतो. डावीकडे देशभर गाजलेला एक ग्रँडमास्टर, उजवीकडे आमचे मोठे साहेब, मध्ये बुद्धिबळाचा पट आणि पटावरून एकमेकांच्या हातात दिलेले हात. खाली लिहिलंय, की साहेबांनी ग्रँडमास्टरला बरोबरीत रोखलं. पाहुणे थांबून वाचतात आणि कौतुकानं मान हलवतात. माझं तोंड मात्र कडू होतं, कारण ती बरोबरी साहेबांना मी शिकवली.

मी क्वालिटी विभागात आहे. बुद्धिबळ मला वडिलांनी शिकवलं. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. बीडकडून येऊन ते पिंपरीतल्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मोठमोठ्या सामन्यांच्या चाली तेव्हा पेपरात छापून यायच्या. शिफ्टवरून आल्यावर हात धुऊन ते त्या चाली पटावर मांडायचे. परदेशात ग्रँडमास्टर जे खेळले, ते दोन-चार दिवसांनी संत तुकाराम नगरच्या आमच्या खोलीत पुन्हा खेळलं जायचं. फोटोतल्या या ग्रँडमास्टरवर त्यांचा विशेष जीव होता. एका स्पर्धेत अंगात ताप असताना, समोरच्यानं दोनदा देऊ केलेली बरोबरी नाकारून, तो एका जादा प्याद्यावर तासन्‌तास झुंजला आणि जिंकला. तो डाव अण्णांना तोंडपाठ होता.

कंपनीच्या वर्धापनदिनाला तोच येणार असं कळलं. कँटीनमध्ये एकाच वेळी पंचवीस जणांशी तो खेळणार होता. कामगारांच्या घरच्यांनाही बसता येणार होतं, म्हणून मी लगेच अण्णांचं नाव दिलं.

चार दिवस आधी एचआरच्या प्रमुखांनी मला बोलावलं आणि माझ्या मोबाइलवर सोळा चाली पाठवल्या. साहेबांकडून एवढ्या पाठ करून घ्यायच्या, शेवटी त्याच त्या चाली तीनदा खेळायच्या, की डाव बरोबरीत सुटतो, असं त्यांनी सांगितलं. ग्रँडमास्टरकडूनही सगळं ठरलंय म्हणाले. मी "बरं" म्हटलं. हा काही स्पर्धेतला सामना नाही, नुसता कार्यक्रम आहे, अशी मनाची समजूत घातली.

तीन दिवस दुपारी मी साहेबांच्या केबिनमध्ये बसले. ते सुपारी चघळत ओल्या बोटांनी सोंगट्या उचलायचे. उंट तिथं का जातो हे मी सांगायला लागले, तर म्हणाले, "का ते राहू द्या. कुठून कुठं, तेवढंच सांगा." मी तेवढंच सांगत गेले.

त्या दिवशी अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. त्यांना एकोणिसावा पट मिळाला होता. ग्रँडमास्टर दीड तास उशिरा आला. अण्णा उठून उभे राहिले, हात जोडले. त्यानं त्यांच्याकडे न बघताच प्यादं सरकवलं आणि मोबाइलवर बोलत पुढं गेला. थकला असेल, असं तेव्हा मला वाटलं.

साहेबांचा पट मोठ्या पडद्यावर दाखवत होते. अकराव्या चालीला साहेबांनी चुकून भलताच उंट उचलून ठेवला. ग्रँडमास्टरनं इकडंतिकडं पाहिलं, तो उंट हळूच उचलून जागेवर ठेवला, बरोबर सोंगटी बरोबर घरात नेली आणि हसला. एखाद्या लहान पोराचं नाक पुसावं तसं. अख्ख्या कँटीननं पडद्यावर ते पाहिलं, पण कुणी ब्र काढला नाही. पाच चालींनी बरोबरी जाहीर झाली. टाळ्या, हार, फोटो. त्या टाळ्यांत मीही होते. पनीरच्या भाजीचा वास सुटला होता.

बाकीचे डाव रेंगाळत होते. बहुतेक जण हरून उठले होते. अण्णा मात्र दोन प्याद्यांनी पुढं होते आणि त्यांचं एक प्यादं वजीर व्हायला दोनच घरं राहिली होती. जेवणासाठी टेबलं हवीत म्हणून प्रमुखांची घाई चालली होती. ग्रँडमास्टर अण्णांच्या पटासमोर पहिल्यांदाच नीट थांबला. बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं बोट पुढं केलं आणि हार मानणारा स्वतःचा राजा पाडतो तसा अण्णांचा राजा आडवा पाडला.

"छान खेळलात काका," तो म्हणाला आणि हात पुढं केला.

अण्णांनी हात घेतला नाही. त्यांनी राजा उचलून पुन्हा उभा केला. "डाव संपला न्हाई अजून," ते म्हणाले.

ग्रँडमास्टर खांदे उडवून जेवणाकडे निघून गेला. माइकवरून घोषणा झाली, की साहेब सोडून सगळे हरले. अण्णा तसेच बसून होते. दोन कामगार टेबल उचलायला येऊन ताटकळत उभे राहिले. प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढं झाले आणि म्हणाले, "अण्णा, उठा आता."

ते उठले. न जेवताच आम्ही निघालो.

मोशीच्या पुढं गाड्या तुंबल्या होत्या. तिथं त्यांनी सांगितलं, की पडद्यावरचा डाव त्यांनी सहाव्या चालीलाच ओळखला होता. दोन मोठे ग्रँडमास्टर एका स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी असेच सोळा चालींत बरोबरी करून मोकळे झाले होते. पेपरात तो डाव पाहून त्यांना तेव्हाही शिसारी आली होती.

"साहेबाला येवढ्या चाली कुणी शिकविल्या?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

त्यांनी काच खाली केली आणि बाहेर थुंकले. अण्णांना कधी रस्त्यावर थुंकताना मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर माझ्याशी ते भाजीचं बोलत, औषधांचं बोलत, बुद्धिबळाचं कधी नाही. ग्रँडमास्टरचा तो तापातला डावही पुन्हा मांडलेला मी पाहिला नाही. संध्याकाळी बागेत जुन्या सोबत्यांशी खेळतात. मी गेले की पट गुंडाळतात.

पुढच्या वर्षी दुसरा ग्रँडमास्टर ठरला. प्रमुख पुन्हा मोबाइल घेऊन आले. नोकरीवर गदा येणार, निदान पगारवाढ तरी अडणार असं धरूनच मी म्हणाले, "हे मी करणार नाही."

ते "बरं" म्हणाले आणि स्टोअरमधल्या एका इंजिनिअरकडे गेले. बस्स, एवढंच. ना राग, ना मेमो. पगारवाढही दरवर्षीसारखी झाली. नकार इतका स्वस्त होता, हे कळल्यावर मला स्वतःची पहिल्यापेक्षा जास्त किळस आली.

त्या रविवारी मी अण्णांकडे गेले आणि यंदा नकार दिल्याचं सांगितलं. ते मटार सोलत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मंग गेल्या साली काय झालतं?"

गेल्या साली काहीच झालं नव्हतं. कुणी धमकावलं नव्हतं की कुणी हाताला धरून बसवलं नव्हतं. मी त्यांना तसंच सांगितलं आणि समोर बसून मटार सोलायला घेतले.